जपानची नोकरी: आधी भाषा की आधी अर्ज?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका 29 वर्षांची, मूळ गाव सांगली, बी. ई. कॉम्प्युटर. हिंजवडीतल्या एका सर्व्हिस कंपनीत पाच वर्षं जावा आणि स्प्रिंग बूटवर बॅकएंडचं काम करते, पगार वर्षाला 14 लाख. नवरा चाकणला मेकॅनिकल डिझाइनमध्ये. गेल्या वर्षी शनिवार-रविवारचा जपानी वर्ग लावला आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-5 ही सगळ्यांत खालची पातळी पास झाली (एन-1 सगळ्यांत वरची). आता टोकियोत नोकरी हवी आहे. वर्गातले सर म्हणतात, एन-2 झाल्याशिवाय जपानी कंपनी दारात उभं करत नाही. दीर म्हणतो, आयटीत सगळं इंग्रजीतच चालतं, भाषेवर वेळ घालवू नकोस. मध्येच एक एजंट भेटला आहे. साडेतीन लाखांत 'भाषा, नोकरी, व्हिसा' असं पॅकेज देतो. तिचा विचार असा, की नोकरी सोडून दीड वर्ष पूर्णवेळ जपानी शिकावं, एन-2 काढावी आणि मगच अर्ज करावेत. हे बरोबर आहे का, असं ती विचारते.

नोकरी सोडू नका. एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

तुमचे सर आणि तुमचा दीर, दोघंही खरंच बोलतायत. फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळ्या खुर्च्या आहेत. सरांच्या डोळ्यांसमोर पारंपरिक जपानी आयटी कंपनी आहे. बँकेची किंवा विमा कंपनीची सिस्टिम बांधून देणारी. तिथे स्पेसिफिकेशन जपानीत येतं, एक्सेलच्या चौकटींमध्ये भरून, आणि ग्राहकाबरोबरची बैठक जपानीतच होते. तिथे एन-2 खरोखरच किमान पायरी आहे, आणि 'ब्रिज इंजिनिअर' म्हणजे जपानी ग्राहक आणि परदेशी टीम यांच्यातला दुवा म्हणून घेतलं तर तीही अपुरी पडते. दिराच्या डोळ्यांसमोर आहे ती स्वतःचं प्रॉडक्ट बनवणारी कंपनी. राकुतेनने 2010मध्ये इंग्रजी ही कंपनीची अधिकृत भाषा करायचं जाहीर केलं आणि 2012पासून ते पूर्णपणे अमलात आणलं. मर्कारी, पेपे, मनी फॉरवर्ड यांच्याही इंजिनिअरिंग टीम्समध्ये इंग्रजीत काम चालतं. शिवाय अ‍ॅमेझॉन, गूगल, इंडीड यांची टोकियोतली ऑफिसं आहेतच. तिथे बॅकएंडच्या माणसाला एन-कितीही नसली तरी मुलाखतीला बोलावतात.

म्हणजे 'जपानमध्ये किती जपानी लागते?' या प्रश्नाला उत्तरच नाही. भाषेची अट देश घालत नाही, कंपनीही पुरती घालत नाही. ती घालते तुमची टीम. एकाच कंपनीत पेमेंटच्या टीममध्ये सात देशांची माणसं आणि सगळं इंग्रजीत, आणि दोन मजले खाली कस्टमर सपोर्टच्या टूल्सची टीम पूर्ण जपानीत, असं सर्रास असतं. म्हणून प्रत्येक जाहिरातीला आणि प्रत्येक मुलाखतीत विचारायचं ते या एका खुर्चीबद्दल.

आता तुमच्या दीड वर्षाच्या बेताकडे येऊ. त्यात एक गृहीत धरलंय, की एन-2चा कागद हाती आला की दार उघडेल. पण ही परीक्षा पर्याय निवडायची आहे. शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं, बस्स. बोलणं तपासत नाहीत, लिहिणंही नाही. त्यामुळे एन-2 पास झालेला माणूस सकाळच्या स्टँडअपमध्ये 'काल काय अडलं' हे दोन वाक्यांत सांगताना गप्प होतो, हे मुलाखत घेणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. दुसऱ्या बाजूला, तुमच्या बायोडेटामध्ये दीड वर्षाचं भगदाड पडतं. पाच वर्षं जावावर काम करणाऱ्या माणसाची किंमत ही त्या पाच वर्षांत, आणि आजही कोड लिहितेय यात आहे. दीड वर्षाने तुम्ही 31च्या उंबरठ्यावर, कोडला गंज चढलेला आणि हातात असा कागद, जो इंग्रजीवाल्या कंपनीला नको आणि जपानीवाल्या कंपनीला पुरेसा नाही.

पहिली नोकरी मिळेल ती तुमच्या बॅकएंडच्या कामावर. जपानी लागेल ती तिथे गेल्यावर, आणि दुसऱ्या नोकरीला तर फारच. म्हणून दिराचं 'भाषेवर वेळ घालवू नकोस' हेही मला मान्य नाही. वर्ग चालू ठेवा, फक्त अर्ज त्याच्यासाठी अडवून ठेवू नका.

अर्ज कुठे करायचे? परदेशी इंजिनिअरांसाठीच्या जाहिराती टोकियोडेव्ह आणि जपान डेव्ह या दोन साइट्सवर एकत्र मिळतात. दोन्हीकडे 'जपानी लागत नाही' आणि 'परदेशातून अर्ज चालेल' अशा दोन वेगळ्या चाळण्या आहेत. त्या दोन्ही एकदम लावा. बरीच मंडळी पहिलीच लावतात आणि मग नकारांचा ढीग बघून खचतात. जपानी न येणारा, पण आधीपासून टोकियोत राहणारा आणि व्हिसा हातात असलेला माणूस हव्या असणाऱ्या कंपन्याही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठी तुम्ही पुण्यात आहात हाच अडसर असतो. लिंक्डइनवर शोधताना जाहिरातीची भाषा बघा. वर इंग्रजी, पण 'अटी' या भागात जपानी वाक्यं घुसलेली दिसली, तर टीम कुठल्या भाषेत बोलते ते कळलंच. 'निचिजो काइवा' म्हणजे रोजचं बोलणं, 'बिजिनेसु रेबेरु' म्हणजे व्यावसायिक पातळी. पहिल्या शब्दावर अर्ज करून बघायला हरकत नाही, दुसऱ्यावर आत्ता तरी नको.

एक आडवाट आहे आणि ती पुण्यातून फार कमी जण बघतात. राकुतेन आणि मर्कारी यांची इंजिनिअरिंग ऑफिसं बंगळुरूला आहेत. तिथे नोकरी धरून नंतर टोकियोला बदली मागता येते. कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसाला तिथे आधी सलग किमान एक वर्ष काम केलेलं असावं लागतं. बदलीची हमी कोणी देत नाही, त्यामुळे केवळ त्या आशेवर बंगळुरूला जाऊ नका. पण ते काम मुळात आवडण्यासारखं असेल, तर हिंजवडीतल्या सर्व्हिस कंपनीपेक्षा तिथून टोकियो जवळ आहे.

सर्व्हिस कंपनीवरून आठवलं. बायोडेटा इंग्रजीत, दोन पानांच्या आत, आणि त्यात 'युरोपीय बँकेच्या प्रोजेक्टवर सहभाग' असली वाक्यं नकोत. 'सहभाग' वाचून कोणालाच काही कळत नाही. तुम्ही कुठली सर्व्हिस लिहिलीत, सेकंदाला किती रिक्वेस्ट येत होत्या, कुठला क्वेरी हळू होता आणि इंडेक्स लावून तो किती मिलिसेकंदांवर आणला, प्रॉडक्शनला रात्री काय पडलं आणि तुम्ही काय बदललंत, हे लिहा. जपानी पद्धतीचे 'रिरेकिशो' (ठरावीक साच्यातला बायोडेटा) आणि 'शोकुमु केइरेकिशो' (कामाच्या अनुभवाचा तपशील) हे दोन कागद इंग्रजीवाल्या कंपन्या सहसा मागत नाहीत. मागितले, तर तोही एक इशाराच समजा.

मुलाखती ऑनलाइन होतात. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. 'सकाळी 10ला बोलू' म्हणाले, की तुमच्या घड्याळात साडेसहा वाजलेले असतील. शेजारचा मिक्सर सुरू व्हायच्या आतली ही वेळ वाईट नाही. कोडिंगची चाचणी, सिस्टिम डिझाइन आणि मग मॅनेजरशी गप्पा, असा साधारण क्रम. शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हणतील, तेव्हा खुर्चीचे प्रश्न काढा. पुल रिक्वेस्टवरचे शेरे कुठल्या भाषेत असतात? डिझाइनची कागदपत्रं? प्रॉडक्शन पडलं की त्या रात्री चॅटवर कुठली भाषा चालते? टीममध्ये जपानी न येणारे किती जण आहेत, आणि त्यांतला कोणी बढती घेऊन लीड झालाय का? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा थबकला, तर समजा की कोड इंग्रजीत लिहिला जातो, पण निर्णय जपानीत होतात. अशा ठिकाणी दोन वर्षं बरी जातात, मग माणूस भिंतीला लागतो.

अजून एक प्रश्न न लाजता विचारा: 'मी बसणार ते ऑफिस तुमचंच का?' जपानमध्ये एसईएस नावाचा प्रकार आहे. पगार देणारी कंपनी एक, आणि काम ग्राहकाच्या ऑफिसात बसून. 'क्याकुसाकी जोचू' हा शब्द जाहिरातीत दिसला तर तेच. आपल्याकडच्या ऑनसाइटसारखंच, पण भाषेची अट ग्राहकागणिक बदलते. पहिला ग्राहक इंग्रजीवाला, सहा महिन्यांनी दुसरा पूर्ण जपानीवाला, आणि मग तुम्ही 'बेंच'वर, म्हणजे कामाविना बसून. सगळ्या एसईएस कंपन्या वाईट नसतात, पण कमी जपानी येणाऱ्या माणसाला ही खुर्ची डगमगती असते.

आता व्हिसा, कारण तुमच्या एजंटाचा सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. तुम्हाला लागेल तो 'इंजिनिअर, मानव्यविद्या तज्ज्ञ, आंतरराष्ट्रीय सेवा' या लांबलचक नावाचा वास्तव्याचा दर्जा. त्यासाठी कामाशी जुळणारी पदवी हवी, तुमची बी. ई. चालते, बी. एस्सी. कॉम्प्युटर किंवा बी. सी. ए.ही चालते. आपल्याकडच्या पॉलिटेक्निकचा नुसता डिप्लोमा मात्र चालत नाही. डिप्लोमावाल्यांना 10 वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, किंवा नाईलिट या आपल्या सरकारी संस्थेची ए, बी वा सी पातळीची संगणक परीक्षा. आयटीच्या कामासाठी जपान ती मान्य करतो. हे तुमच्यासाठी नाही, पण हा मजकूर वाचणाऱ्या डिप्लोमावाल्या मुलांसाठी सांगून ठेवलं. आणि भाषेची परीक्षा? तुमच्यासारख्या बॅकएंडच्या कामासाठी हा दर्जा मिळवायला एन-5सुद्धा लागत नाही.

क्रम असा असतो: कंपनी करारावर सही करते, मग कंपनीच तिकडच्या इमिग्रेशन कार्यालयात पात्रता प्रमाणपत्रासाठी अर्ज करते. त्याला एक ते तीन महिने लागतात. शेअर बाजारात नोंद असलेल्या मोठ्या कंपनीला कागद कमी लागतात आणि काम लवकर होतं. नव्या छोट्या कंपनीला ताळेबंदापासून सगळं जोडावं लागतं. प्रमाणपत्र हल्ली ई-मेलनेही येतं. ते घेऊन तुम्ही इथे व्हिसाचा अर्ज करायचा; महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे येतात. म्हणजे आधी कंपनी, मग प्रमाणपत्र, मग व्हिसा. 'आधी व्हिसा काढून देतो, नोकरी तिथे गेल्यावर' असं कोणी म्हणत असेल, तर तो बहुधा भाषाशाळेचा विद्यार्थी व्हिसा विकतोय. त्यावर आठवड्याला 28 तासच काम करता येतं, तेही वेगळी परवानगी काढून, आणि शाळेची फी वर्षाला सात-आठ लाख येनच्या घरात जाते. किंवा 'तोकुतेई गिनो'चं नाव घेईल; तो दर्जा शुश्रूषा, शेती, हॉटेलं, बांधकाम अशा कामांसाठी आहे, सॉफ्टवेअर त्यात येत नाही.

एजंटाला दोन गोष्टी विचारा. पहिली, ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरचा तुमचा नोंदणी क्रमांक काय? परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला 1983च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला 30,000 रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. दुसरी, जपानमधल्या कुठल्या कंपनीसाठी, कुठल्या पदावर? जपानी कायद्यानुसार नोकरी लावून देणाऱ्या संस्थेने पैसे कंपनीकडून घ्यायचे असतात, नोकरी शोधणाऱ्याकडून सहसा घेता येत नाहीत. तुमचे साडेतीन लाख या दोन्हींत बसत नाहीत. 'त्यातले बरेचसे भाषेच्या वर्गाचे' असं तो म्हणेल. मग वर्गाची पावती वेगळी द्या म्हणावं.

प्रमाणपत्राच्या अर्जात आपली माणसं जिथे अडकतात, त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, पदवी. खूप जणांकडे विद्यापीठाचं प्रोव्हिजनलच असतं, दीक्षान्त समारंभाचा फॉर्म भरायचाच राहून गेलेला असतो. तुमचं तसं असेल तर आजच अर्ज करा, याला महिने जातात. दुसरी, अनुभवाचं पत्र आणि बायोडेटा यांतल्या तारखा. इथे जून 2020 आणि तिथे जुलै 2020, एवढ्यानेही 'खुलासा द्या' असं पत्र येतं आणि तीन आठवडे जातात. तिसरी जागा म्हणजे नाव, आणि ती खास आपली. मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं. लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर पदवी एका नावावर आणि पासपोर्ट दुसऱ्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत आणि 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी कंपनीच्या एचआरकडे देऊन ठेवा.

नावाची ही भानगड तिथे पोचल्यावरही संपत नाही. रेसिडेन्स कार्डवर पासपोर्टवरचं पूर्ण नाव छापतात, वडिलांच्या नावासकट. बँकेत, मोबाइलच्या दुकानात, विम्याच्या कागदावर ते काताकानात, म्हणजे परदेशी शब्दांसाठीच्या जपानी लिपीत लिहावं लागतं, आणि जपानीत ल नाही. कुलकर्णी तिथे 'कुरुकारुनि' होतात. एकीकडे 'कुरुकारुनि' आणि दुसरीकडे 'कुरुकरुनी' लिहिलंत, तर पगार खात्यात जमा होताना परत जातो. म्हणून निघायच्या आधी स्वतःच्या नावाचं एकच काताकाना स्पेलिंग ठरवा, कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि सगळीकडे तेच द्या.

नोटीस पीरियडचा पेच वेगळाच आहे. पात्रता प्रमाणपत्र निघाल्यापासून तीन महिन्यांत जपानमध्ये पाऊल ठेवावं लागतं. तुमची नोटीसही बहुधा 90 दिवसांची असेल. 'प्रमाणपत्र हातात आल्यावरच राजीनामा' हा शहाणपणा इथे अंगाशी येतो, कारण नोटीस संपते त्याच आठवड्यात प्रमाणपत्रही संपतं. तेव्हा 90 दिवसांची गोष्ट पहिल्याच फोनवर सांगा. कंपनी मोठी असेल, करार झाला असेल आणि अर्ज दाखल झाल्याचं त्यांनी लेखी कळवलं असेल, तर साधारण महिन्याभराने राजीनामा दिलात तरी धोका कमी आहे. कंपनी छोटी असेल तर प्रमाणपत्राची वाट बघा, आणि इथे रजा वळती करून किंवा बायआउट करून (उरलेल्या नोटिशीचे पैसे भरून) लवकर सुटायची बोलणी आधीच करून ठेवा. पहिल्या अर्जापासून विमानापर्यंत सहा ते आठ महिने धरून चाला.

पैशांचं बघू. पाच वर्षांच्या अनुभवाला वर्षाला 60 लाख येनची ऑफर अवास्तव नाही. 100 येनला 55 ते 65 रुपये या मागच्या काही वर्षांतल्या भावाने हे 33 ते 39 लाख होतात, आणि नातेवाइकांना आकडा सांगायला छान वाटतो. हातात किती येतात? आरोग्य विमा, पेन्शन आणि रोजगार विमा मिळून साधारण 15 टक्के, त्यावर आयकर आणि रहिवासी कर. महिन्याच्या 5 लाख येनमधले सुमारे 3 लाख 80 हजार उरतात. यातला रहिवासी कर उशिरा येतो. तो आदल्या वर्षीच्या जपानमधल्या कमाईवर, सुमारे 10 टक्के, जूनपासून कापला जातो. ऑक्टोबरात गेलात तर पहिल्या जूनमध्ये किरकोळ कापतील, दुसऱ्या जूनपासून महिन्याला पंचवीसेक हजार येन. 'पगार कमी का झाला?' म्हणून एचआरकडे धावणारे बहुतेक जण याच जूनमधले असतात. पेन्शनचे पैसे, जपान कायमचा सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर एकरकमी परत मिळतात, पण जास्तीत जास्त पाच वर्षांच्या हिशेबाने. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार ऑक्टोबर 2016पासून लागू आहे, त्यामुळे दोन्हीकडची वर्षं पेन्शनच्या पात्रतेसाठी जोडताही येतात. एकरकमी उचललीत की ती वर्षं पुसली जातात.

ऑफरच्या कागदात 'मिनाशी झांग्यो' शोधा. म्हणजे पगारातच धरलेला ओव्हरटाइम. 5 लाखांत 45 तासांचा ओव्हरटाइम धरलेला असेल, तर तुमचा खरा मूळ पगार 4 लाखांच्याही खाली आहे. 20 तास धरलेले असतील तर फार ताणू नका. वार्षिक आकडा 12ने भागलाय की बोनस धरून 14ने, तेही बघा. कामाच्या अटींचा कागद देणं मालकावर कायद्यानेच बंधनकारक आहे. इंग्रजी प्रत मागा.

आणि घर. टोकियोत 1 लाख 20 हजार येन भाड्याचं खासगी घर घ्यायचं तर अनामत, मालकाला परत न मिळणारी 'भेट' म्हणजे रेइकिन, दलाली, हमी कंपनीची फी आणि पहिलं भाडं मिळून पाच महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे आधी मोजावे लागतात. सहा लाख येन. पहिला पगार कधीकधी पुढच्या महिन्याच्या 25 तारखेला होतो. यूआर नावाच्या निमसरकारी वसाहतींत रेइकिन नाही, दलाली नाही, हमीदार नाही; दोन महिन्यांची अनामत आणि उत्पन्नाची अट एवढंच. एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत भारतीय वस्ती वाढली, त्यामागे वायटूकेच्या, म्हणजे सन 2000च्या तारखांच्या संगणकी गोंधळाच्या काळात आलेले आयटीवाले, तोझाई लाइनने ओतेमाचीच्या बँकांपर्यंतचा थेट प्रवास आणि या वसाहती अशी सगळी कारणं आहेत. याच वॉर्डातून 2019मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस नगरसेवक म्हणून निवडून आला. सुरुवातीला तिथे राहणं सोयीचं आहे, कोथिंबीर आणि तूरडाळ दोन्ही मिळतात. फक्त सगळा वेळ तिथेच गेला तर जपानी कानांवर पडत नाही, हेही खरं.

आता भाषेचं. सर एन-4ची पुस्तकं काढायला सांगतील, काढा. पण त्याबरोबर बोलण्याचा वेगळा तास लावा, आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास ऑनलाइन. स्वतःची ओळख, 'काल हे केलं, आज हे करणार, इथे अडलंय' ही तीन वाक्यं, आणि फोनवर 'इंग्रजी बोलणारं कोणी आहे का?' हे विचारणं, एवढ्यापासून सुरुवात. मराठी माणसाला जपानीचं व्याकरण जड जाऊ नये. क्रियापद शेवटी, शब्दांना मागून चिकटणारे प्रत्यय, वाक्याच्या टोकाला 'ना'सारखा 'ने'. 'मी भात खाते' या क्रमाने शब्द मांडले की वाक्य होतं. अडतं ते कांजीपाशी, म्हणजे चिनी चित्राक्षरांपाशी, आणि न बोललेल्या बोलण्यापाशी. तुमच्या सूचनेवर कोणी 'केन्तो शिमासु' म्हणजे 'विचार करतो' म्हणालं, तर बहुतेक वेळा ते 'नाही' असतं. कोणी 'चोत्तो...' म्हणून वाक्य अर्ध्यावर सोडलं, तर ते नक्कीच 'नाही' असतं. आपल्याकडे 'बघू या' म्हणतात ना, तसंच.

एन-2चा खरा उपयोग कुठे होतो तेही सांगते, म्हणजे सरांवर अन्याय नको. उच्च कुशल व्यावसायिक नावाचा, गुण मोजून मिळणारा एक वरचा दर्जा आहे. त्यात 70 गुण झाले तर तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, 80 झाले तर एका वर्षाने. एरवी 10 वर्षं. तुमचा आजचा हिशेब: तिशीच्या आत म्हणून 15, पदवीचे 10, पाच वर्षांच्या अनुभवाचे 10, 60 लाख येन पगाराचे 20. झाले 55. तीस पूर्ण झाली की वयाचे 15चे 10 होतात. एन-2 मिळाली की 10 वाढतात, एन-1ला 15. पगार 70 लाखांवर गेला की 20चे 25, आणि अनुभव सात वर्षांचा झाला की 10चे 15. म्हणजे तिथे दोन वर्षं काम करून, पगार वाढवून आणि एन-2 काढून तुम्ही बरोबर 70वर पोचता. हा कागद तिथे कमवायचा आहे, पगार घेत घेत.

तुमच्या पत्रात नवऱ्याबद्दल एकच ओळ आहे, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी तिचीच वाटते. तुमच्या व्हिसावर ते आश्रित म्हणून येऊ शकतात, पण तेव्हा कामाची मुभा आठवड्याला 28 तास, तीही परवानगी घेऊन. पूर्णवेळ नोकरीसाठी त्यांना स्वतःचा दर्जा मिळवावा लागेल, आणि मेकॅनिकल डिझाइनमध्ये इंग्रजीवाल्या खुर्च्या सॉफ्टवेअरच्या मानाने फारच थोड्या आहेत. ड्रॉइंगवरची टिपणं जपानीत, सप्लायरशी फोन जपानीत. तुमच्या घरात एन-2ची गरज खरी कोणाला आहे, तर त्यांना. शनिवारच्या वर्गात दुसरी खुर्ची त्यांच्यासाठी घ्यायची का, याचं बोलणं एजंटाला नकार कळवण्याच्या आधी व्हायला हवं.

परीक्षा जुलैत आणि डिसेंबरात असते, पुण्यात आणि मुंबईतही केंद्र आहे, आणि फॉर्म काही महिने आधीच बंद होतात. पुढच्या परीक्षेला तुमचा एन-4चा आणि त्यांचा एन-5चा फॉर्म भरा. त्याच आठवड्यात दोन्ही चाळण्या लावून निघालेल्या जाहिरातींतल्या पाच निवडा आणि पाच अर्ज पाठवा. दहा-बारा अर्जांनंतरही एकही मुलाखत आली नाही, तर बायोडेटातला 'सहभाग' अजून तिथेच आहे का, ते बघा.